साल्सा (मेक्सिकोची टोमॅटोची चटणी) पाणचट का झाला?

"मिक्सराक लावलंस मां? मगे पाणी सुटतलाच." वाटीत बघून शेजारच्या काकी एवढंच म्हणाल्या.

खरं आहे. 4 टोमॅटो, 1 कांदा, 2 मिरच्या आणि 3 लसूण पाकळ्या (सालासकट, नाहीतर करपून कडू होतात) करवंटीच्या निखाऱ्यावर साल काळी पडेपर्यंत भाजायच्या. मग 10 मिनिटं चाळणीत निथळत ठेवायचं. घाईत हेच राहतं. खाली जमलेला रस टाकू नका, सारात घाला.

मिक्सरमध्ये हवा शिरते, फेस येतो, लाल रंग फिका गुलाबी होतो. पाट्यावर भरडच वाटा. काळे ठिपके राहू देत, धुराची चव त्यांतच असते. मीठ, लिंबू, कोथिंबीर अगदी शेवटी.

मेक्सिकोत यासाठी मोल्काहेते नावाचा दगडी खल वापरतात. आपला पाटा मात्र मागीलदारी पालथा. तुमच्याकडे अजून वापरात आहे का?