मोहोळ ते सोलापूर: भरलेली लहान गाडी आणि महामार्गावर शिरण्याची कसरत

पुण्याहून सोलापूरला स्वतः चालवत येण्यासाठी आम्ही सात आसनांची डिझेल गाडी ठरवली होती. दारात आली ती एक लिटर पेट्रोल इंजिनाची लहान गाडी; भाडे मात्र मोठ्या गाडीचेच घेतले गेले, आणि "चौपदरी रस्ता आहे, कोणतीही गाडी चालते" एवढ्यावर आमची बोळवण झाली. एकदा वेग धरून सरळ चालत राहण्यापुरते हे खरे आहे. थांबून पुन्हा महामार्गावर शिरायचे असेल तर ते साफ खोटे आहे.

टेंभुर्णीपर्यंतच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मोहोळला चहासाठी उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. जानेवारी म्हणजे गाळपाचा भर. सर्व्हिस रोडवरून निघालो तर पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि त्याच्यामागे आमचा वेग जेमतेम वीस. महामार्गावर शिरण्याच्या फटीपाशी वेग वाढवायला वेगळी लांबी नव्हती. आरशात ट्रकचे दिवे दूर दिसत होते. घरच्या डिझेल गाडीच्या सवयीने मी चाळीसलाच चौथा गिअर टाकला आणि अॅक्सिलरेटर दाबला, पण गाडी उचललीच नाही. ट्रकवाल्याने डिपर दिला, लांब हॉर्न वाजवला आणि शेवटच्या क्षणी उजवीकडे काढला. मागे बसलेली आई सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या रस्त्यावर, तेवढीच माणसे घेऊन, भाच्याला मोबाइलवर वेळ मोजायला लावली. चाळीसवरून ऐंशीवर जायला एसी चालू ठेवून चौथ्या गिअरमध्ये सुमारे वीस सेकंद लागले. एसी बंद करून तिसऱ्यात बारा. मागचे वाहन ऐंशीने येत असेल तर पहिल्या रीतीत त्याचे आपल्यापासूनचे अंतर सुमारे ११० मीटरने कमी होते, दुसऱ्या रीतीत ६७ मीटरने, आणि त्यानंतरही दोघांत सुरक्षित अंतर उरायला हवे. ऐंशीच्या वेगात तीन सेकंदांचे अंतर म्हणजे आणखी ६७ मीटर. म्हणजे आळसाने शिरणाऱ्याला मागे जवळपास पावणेदोनशे मीटर मोकळा रस्ता हवा, आणि अंधारात नुसत्या दिव्यांवरून हे अंतर ओळखणे फार कठीण असते.

कारण वजनात आहे. सुमारे आठशे किलोच्या गाडीत पाच माणसे आणि सामान मिळून चारशे किलो भरले की वजन दीडपट होते आणि तेवढ्याच ताकदीत पिकअप रिकाम्या गाडीच्या दोन तृतीयांशावर येतो. टर्बो नसलेले लहान पेट्रोल इंजिन खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना, दमदार नसते, त्याची ताकद वर असते. त्यामुळे इंजिन ओरडले तरी चालेल, पण ऐंशी गाठेपर्यंत तिसरा सोडू नये. टर्बो डिझेल कमी आरपीएमलाही ओढते, म्हणून तिथे चौथा खपून जातो. ही सवय लहान गाडीत घातक आहे.

मोठ्या आकाराचा फायदा मात्र निराळा आहे. एसटी बस किंवा भरलेला ट्रक आमच्याहूनही सावकाश वेग घेतो, तरी त्याला साइड मिळते, कारण तो दुरून दिसतो आणि त्याच्या वाटेला जायला कोणी धजत नाही. लहान गाडीला ही सवलत कोणी देत नाही, आणि ट्रकच्या डाव्या बाजूला चिकटून शिरणाऱ्याला तर चालक पाहूही शकत नाही.

माझे स्पष्ट मत असे की पाच माणसांसह, गाळपाच्या दिवसांत, दिवेलागणीनंतर मोहोळ ते सोलापूरच्या वाटेवरचे सावळेश्वर या पट्ट्यात लहान गाडी थांबवूच नये. चहा टेंभुर्णीलाच उजेडात उरकावा. थांबावेच लागले तर ट्रॅक्टरला चिकटून राहू नये. त्याच्यामागे मुद्दाम शंभरेक मीटर अंतर सोडावे, म्हणजे सर्व्हिस रोडवरच वेग घेता येतो. एसी आधीच बंद करावा. इंडिकेटर लवकर द्यावा, आणि आरशात एकही दिवा शंकास्पद वाटला तर तो पुढे जाऊ द्यावा, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. गाडी ठरवताना मॉडेल आणि इंजिन दोन्ही लिहून घ्यावे आणि दारात आलेली गाडी तीच असल्याचे पाहूनच पैसे द्यावेत.