पाळी गेली आणि मला वाटलं सुटले

शेवटची पाळी येऊन बारा महिने झाले तेव्हा मी कपाटातले उरलेले पॅड्स भाचीला देऊन टाकले आणि म्हटलं चला, सुटले एकदाची. मग गरम वाफा, रात्री उठून गाऊन बदलणं, उगाच चिडचिड, हे सगळं यथासांग झालं आणि तीनेक वर्षांत ओसरलंही. म्हणूनच हे दुसरं, खालचा कोरडेपणा आणि दुखणं, जे सुरू झालं ना, तेही आपोआप जाईल असं धरून मी वाट बघत बसले. जवळजवळ दोन वर्षं!

आधी नुसतं जीन्सची शिवण टोचते असं वाटायचं. मग लघवीला जळजळ, म्हणून युरीन इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक, एकदा तर लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू शोधायची तपासणी) काहीच आलं नाही तरी गोळ्या घेतल्या. मग खाज, म्हणून फंगल क्रीम, त्याने अजून आग. मग मी काय करावं, तर सुगंधी वॉश आणून दिवसातून दोनदा धुवायला लागले. आता आठवलं तरी कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो, आधीच कोरडं पडलेलं आणि वर मी साबण चोळतेय.

आणि रात्री मी नवऱ्याच्या आधी झोपायला लागले, म्हणजे झोपेचं सोंग. त्याला वाटलं मी रागावलेय. शेवटी एकदा त्यानेच विचारलं, माझं काही चुकलं का गं? तेव्हा कुठे तोंडातून निघालं की अरे, दुखतं मला, काचेने कापल्यासारखं.

डॉक्टरकडे मी दोनदा जाऊन आले होते, पण तिथे जाऊन काय सांगितलं तर "खाली जरा त्रास होतो". एवढ्यावरून त्यांनी तरी काय ओळखायचं? तिसऱ्या डॉक्टरबाईंनी स्वतःच सरळ विचारलं, योनीत कोरडं वाटतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, नंतर रक्त दिसतं का. एकदा दिसलं होतं थोडं, मी म्हटलं घासल्यामुळे असेल. त्या म्हणाल्या असेलही, पण मेनोपॉजनंतर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासायचंच, आणि सोनोग्राफी करूनच सोडलं. नॉर्मल निघाली.

मग त्यांनी समजावलं ते असं. इस्ट्रोजेन कमी झालं की आतलं अस्तर पातळ होतं, ओल कमी होते, आणि तिथे राहणारे चांगले बॅक्टेरिया, लॅक्टोबॅसिलस, तेही घटतात. त्यामुळे आधी 4.5 च्या खाली असणारा पीएच वर चढतो, म्हणजे तिथली आम्लता कमी होते, आणि खरोखरचं युरीन इन्फेक्शनही पटकन होतं. मूत्रमार्गालाही इस्ट्रोजेन लागतं, म्हणून ती जळजळ. या सगळ्याला मिळून 2014 पासून जीएसएम (जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, म्हणजे पाळी गेल्यावर योनी आणि लघवीच्या जागेला होणारा त्रास) म्हणतात, आणि वाफांसारखं हे काळाबरोबर जात नाही, उपचार नाही केले तर राहतं किंवा वाढतं. हे वाक्य मला दोन वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं.

जेलच्या बाबतीत माझा घोळ झाला होता. ल्युब्रिकंट त्या वेळेपुरतं, आणि व्हजायनल मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने लावायचं, संबंध असो नसो. मी एकच ट्यूब दोन्हीला वापरत होते, तीही "वॉर्मिंग"वाली (नका आणू, आगच आग).

मॉइश्चरायझरने निम्मं भागलं. मग इस्ट्रोजेनची क्रीम दिली, ती मी घरी आणून आतला कागद वाचला, कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, आणि ट्यूब महिनाभर ड्रॉवरमध्ये. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, त्यातले बरेचसे इशारे पोटात घ्यायच्या हार्मोन्सच्या अभ्यासावरून आलेत, ही लावायची मात्रा अगदी कमी, रक्तात फारच थोडी जाते. मात्र ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही. मला दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. तीन आठवड्यांत जळजळ कमी, नीट फरक पडायला तीन महिने. बरं वाटलं म्हणून बंद केली तर दीडेक महिन्यात पहिले पाढे पंचावन्न.

तरी ओटीपोटात जड वाटणं आणि माकडहाडाजवळचा ठणका काही जाईना. वय झालं, सगळं सैल पडलं असेल म्हणून मी व्हिडिओ बघून केगल (खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम) करत होते, रोज शंभर शंभर, आणि ठणका वाढतच चालला होता. पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओ निघते हेच मला माहीत नव्हतं. तिने विचारून, हळूच बोटाने तपासलं आणि म्हणाली, सैल कुठे, मूठ आवळल्यासारखे आहेत हे स्नायू! दुखेल या भीतीने ते आवळतात, आवळले की जास्त दुखतं. केगल एकदम बंद. त्याऐवजी पोटातून श्वास, गुडघे छातीशी घेऊन खालचा भाग सैल सोडायचा, लघवी कुंथून करायची नाही, आणि नंतर छोट्या डायलेटरपासून (योनीत हळूहळू घालून सवय करायची गुळगुळीत नळी) सुरुवात. सोडणं आवळण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं हो, मला पहिले दोन आठवडे कळतच नव्हतं की सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं.

आता बसायला त्रास नाही, रात्रीचं सोंगही बंद. तपासणीच्या टेबलवर मात्र अजून सगळं आवळतंच. मागच्या वेळी मी आडवी होण्याआधीच म्हटलं, लहान स्पेक्युलम (आत बघायला घालतात तो चिमटा) घ्या आणि जेल लावा. त्यांनी काही न बोलता दुसरा काढला.