शंभर किलोमीटरला किती युनिट?

विजेवर चालणारी गाडी घेतल्यापासून ओळखीचे लोक भेटले की पहिला प्रश्न ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ हाच असतो. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याला एका आकड्यात उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या गाडीचा हिशेब शंभर किलोमीटरला किती युनिट वीज लागली यावर मांडावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. गाडीच्या पडद्यावर दिसणारा किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे युनिटच असल्यामुळे हा हिशेब घरातल्या कोणालाही करता येतो.

आमच्या गाडीची बॅटरी ४०.५ युनिटांची आहे आणि एआरएआय या पुण्यातल्याच संस्थेच्या चाचणीनुसार तिचा प्रमाणित पल्ला ४६५ किलोमीटर आहे. याचा अर्थ शंभर किलोमीटरला पावणेनऊ युनिटांच्या आसपास. ही चाचणी वातानुकूलन बंद ठेवून, ठरावीक वेगांच्या क्रमाने आणि ताशी ९० किलोमीटरच्या आतच केली जाते. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी तो आकडा उपयोगी आहे. प्रवासाची आखणी मात्र स्वतःच्या रस्त्यावरच्या नोंदींवरून करावी. आमच्या वर्षभराच्या नोंदींत शंभर किलोमीटरला साधारण १३ ते १५ युनिट लागतात, म्हणजे पल्ला २७० ते ३१० किलोमीटर धरायचा.

हा आकडा कशामुळे हलतो, हे समजून घेणे मला सर्वांत आवडले. सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला जाताना गर्दीच्या वेळी सरासरी वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर जात नाही. सिग्नलला थांबलेली मोटर जवळजवळ काहीच वीज घेत नाही. परंतु एप्रिलच्या उन्हात एसी चालूच असतो आणि त्याला सरासरी एक किलोवॉट लागतो असे धरले, तर शंभर किलोमीटरसाठी लागणाऱ्या पाच तासांत केवळ गारव्यासाठी पाच युनिट खर्च होतात. तोच एसी ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाताना शंभर किलोमीटरला जेमतेम सव्वा युनिट घेतो. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर खर्चाचे कारण बदलते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. संपूर्ण ९४.५ किलोमीटरच्या महामार्गावर या दोन वेगांतला फरक कागदावरच चौदा मिनिटांचा आहे आणि घाट व अवजड वाहनांमुळे प्रत्यक्षात तो आणखी कमी होतो. म्हणून आम्ही ऐंशी-पंच्याऐंशीच्या वेगाने, डावीकडच्या मार्गिकांमधून शांतपणे जातो.

बोरघाटाबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. खोपोलीहून लोणावळ्याला येताना रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. माणसे आणि सामान धरून सतराशे किलोची गाडी तेवढ्या उंचीवर नेण्यासाठी, रस्त्यावर चालण्याचा नेहमीचा खर्च वगळूनही, मोटरमधला अपव्यय धरून तीन युनिटांच्या आसपास वीज लागते. योगायोग असा की खोपोलीला १९१५ पासून जलविद्युत केंद्र आहे आणि लोणावळा, वळवण परिसरातल्या तलावांचे पाणी तिथे जवळपास तेवढ्याच उंचीवरून उतरते. एक टन पाण्यापासून सव्वा युनिटाच्या आसपास वीज मिळते असे धरले, तर आमची गाडी घाट चढवण्यासाठी अडीच हजार लिटर पाणी त्याच डोंगरावरून खाली यावे लागेल. हा हिशेब केल्यापासून त्या चढाकडे मी निराळ्या आदराने पाहते.

उतरताना मोटरच जनित्र होते, गाडीचा वेग आवरते आणि घाटातले अंतर तर फुकट जातेच, शिवाय एखादे युनिट बॅटरीत परत येते. ही युक्ती नवी नाही. मुंबई-पुणे रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पुण्यापर्यंत पोहोचले, तेव्हाच्या मालगाड्यांच्या विद्युत इंजिनांतही उतारावर वीज परत तारेत पाठवण्याची सोय होती. एक गोष्ट नव्या चालकांनी ध्यानात ठेवावी: लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत परतीच्या विजेला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तसेच पुण्याहून मुंबईला जाताना आलेला सुखद आकडा परतीला गृहीत धरू नये. आम्ही येण्याचा खर्च जाण्यापेक्षा पाच युनिटांनी जास्त धरतो.

घरच्या चार्जिंगविषयी सोसायट्यांमध्ये अजून बरीच भीती आहे, आणि ती माहिती देऊनच जाईल. आमच्याकडे पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट स्वतःच्या मीटरवरून घेतला आहे. रात्रभर सलग दहा-दहा तास एवढा प्रवाह वाहणार असल्यामुळे पुरेशा जाडीची वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग यांत काटकसर करू नये. अर्थिंग कमकुवत असेल तर चार्जर गाडी भरायलाच नकार देतो, आणि तो नकार आपल्या सुरक्षिततेसाठीच असतो. बॅटरीत ३० युनिट जाताना मीटरवर ३३-३४ पडतात, हेही हिशेबात धरावे. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी अशा रीतीने दीडशे युनिट वाढवते. घरचा वापर आधीच दोनशेच्या घरात असेल, तर महावितरणच्या दररचनेत तीनशेच्या पुढचा महाग टप्पा लागतो. अशा कुटुंबांनी गाडीसाठी वेगळ्या जोडणीचा विचार जरूर करावा.

सार्वजनिक जलद चार्जर आम्ही लांबच्या प्रवासापुरतेच वापरतो. तिथे १८ टक्के जीएसटी लागतो आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरली की वेग झपाट्याने उतरतो. मागे रांग असताना शेवटच्या वीस टक्क्यांसाठी चार्जर अडवून बसणे मला योग्य वाटत नाही.

आता ज्या कारणासाठी मी हे आकडे एवढ्या आस्थेने लिहून ठेवते, ते सांगते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटांइतकी ऊर्जा असते, म्हणजे लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी शंभर किलोमीटरला साठ युनिट ऊर्जा वापरते. त्यापुढे आमचे १४ युनिट फारच थोडे दिसतात. पण औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होऊन बाहेर पडतो आणि महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. पुण्यातल्या रस्त्यावर आमची गाडी धूर सोडत नाही. २९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे केंद्र मात्र सोडते, आणि तो तिथल्या माणसांच्या श्वासात जातो. त्यामुळे वाचवलेले प्रत्येक युनिट माझ्या लेखी केवळ पैशांचे नाही. रात्री सौरऊर्जा नसते, म्हणून शनिवार-रविवारी गाडी घरी असेल तेव्हा आम्ही ती सकाळी दहानंतर चार्जिंगला लावतो आणि ऊन उतरायच्या आत काढतो. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव येत्या वार्षिक सभेपुढे मी मांडणार आहे, आणि त्यासोबत वर्षभराच्या युनिटांची ही वहीही ठेवणार आहे.