तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडी का शिवते?

"अगं पाचशे रुपयांत मस्त मऊ ब्लँकेट मिळतं, तू कशाला डोळे फोडत बसतेस?" सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नात, परवा तर डेंटिस्टकडे नंबर लावून बसले होते तिथेही एका काकूंनी विचारलं. लिफ्टमध्ये सगळं कुठे सांगणार, म्हणून "टाइमपास हो" म्हणते. ते खरं नाही.

मी अकाउंट्समध्ये आहे. दिवसभर राबून दाखवायला काय, तर एक्सेलची शीट, तीही मार्च संपला की कोणी उघडत नाही. गोधडीत काल कुठे होते, आज कुठे आले ते बोट ठेवून दाखवता येतं. वीतभर झालं तर वीतभर.

मन शांत होत असेल ना, म्हणतात. छे! आधी चिडचिडच होते. फरशीवर खाली जुनेर, मध्ये फाटक्या चादरी, वर परत जुनेर, चारी कडांना डाळीचे डबे ठेवायचे, सुरकुती राहता कामा नये, आणि नेमकं तेव्हाच मांजर मधोमध येऊन बसतं. त्यात कडेपासून आत आत जायचं म्हणजे पहिले फेरे सगळ्यात लांब. (कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात तीही अशीच कडेपासून आत, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचा 'फुला' लावतात, तो नसेल तर कवंदी नागडी म्हणे. मला फार आवडलं हे, मीही लावते आता.) तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला हाताला लय सापडते, सुईवर चार टाके गोळा करायचे आणि दोरा एकदम ओढायचा, तो सर्र आवाज येतो ना, त्यासाठीच बसते म्हणा. डोकं तेव्हाही चालूच असतं, फक्त हाताच्या स्पीडने चालतं. आणि दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे मोबाईल बंद.

मूड मात्र लपत नाही. माझ्या पहिल्या गोधडीत एका जागी टाके एकदम बारीक, कचकचून ओढलेले, कापडाला चुण्या पडल्यात. त्या दिवशी साहेबांनी माझी चूक नसताना सगळ्यांसमोर सुनावलं होतं. घरी येऊन कुणाशी बोलले नाही, दीड तास शिवलं, मग भूक लागली. आई म्हणाली उसव आणि नीट घाल. नाही उसवलं. आता लेक तिथे बोट फिरवून विचारते, "हे तू रागावली होतीस ते ना?"

आजीचं हिरवं सुती इरकल लुगडं मात्र आठ वर्षं कपाटात होतं. नेसवत नव्हतं, टाकवतही नव्हतं, कोणी विषय काढला की आई गप्प. शेवटी तिनेच काढून दिलं. कात्री लावायची वेळच आली नाही, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, चार पदरी दुमडलं की एका माणसाची गोधडी तयार. टाके घालताना आई शेजारी बसून आजीच्या भांडणांचे किस्से सांगत होती, जे मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते.

ती गोधडी आता आईकडेच आहे. टाक्यांना नावं ठेवते, पण मे महिन्यातही फॅन पाचवर करून तीच अंगावर घेते.