हाडाची साल
आज सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, पोरं पळणार नि पडणारही, म्हणून लिहितोय. हाडाला स्वतःची साल असते, पेरिऑस्टियम. बाहेरून चिवट तंतू, आतल्या थरात नवं हाड घडवणाऱ्या पेशी. सांध्याच्या कूर्चेवर, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थरावर, मात्र ती नसते. नडगीला पलंगाची कड लागली की जीव कळवळतो तो या सालीतल्या नसांमुळे. तिथे मध्ये मांसाची गादीच नाही. मुलांत ही साल जाड असते. ओल्या फांदीसारखं हाड एका बाजूने मोडतं, दुसऱ्या बाजूची साल शाबूत राहते आणि तीच जोड धरते. म्हणून सुजलेला हात कृपा करून चोळू नका, ओढू नका! पुठ्ठा बांधा, मोडलेल्या जागेच्या वरचा-खालचा सांधा हलू देऊ नका, बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना बघा, आणि थेट एक्स-रेला चला.