बारा बंद आणि वाटीभर दहीभात

डिसेंबर लागला की आमच्या घरात पांढरं कापड यायला लागतं. ज्याचं त्यानं आणलेलं, पिशवीत घातलेलं, वर चिठ्ठी: छाती इतकी, उंची इतकी. सोलापुरात बाळीवेशीजवळच्या बोळात आमचं घर आहे आणि मी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, शिवते. एकवीस वर्षं झाली. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मागंपुढं पांढऱ्या कपड्यांतली जी माणसं दिसतात ना, त्यांतल्या पन्नास-साठ जणांच्या अंगावर माझी शिलाई असते.

बाराबंदी बेतायला सोपी, शिवायला सोपी. जीव जातो तो बंदांत. सहा जोड्या, बारा बंद. बोटाएवढी पट्टी कापायची, उलटी दुमडून कडेनं टीप मारायची आणि मग ती नळी सुलटी करायची. त्यासाठी दाभणात दुहेरी दोरा ओवायचा, पट्टीच्या टोकाला तो टाचायचा आणि दाभण नळीतून हळूहळू पलीकडं सरकवायचं. दोरा ओढला की टोक आत शिरतं आणि सगळी पट्टी पोटातून बाहेर येते. घाई केली तर टीप उसवते. एका बाराबंदीला हे बारा वेळा. पन्नास बाराबंद्यांना किती वेळा, ते मी कधी मोजलं नाही, कारण हे काम माझ्या सासूबाई करायच्या. आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो.

मी लग्न होऊन आले बार्शीकडून. मला कन्नड येत नव्हतं आणि अव्वांचं मराठी कन्नडातून आलेलं. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर मला कळले ते या बंदांपाशी बसून. अव्वा दाभण सरकवत सांगायच्या आणि मी मशीन थांबवून ऐकायचे.

तेव्हा सोलापूर नव्हतं, सोन्नलगी होतं. बाराव्या शतकातली गोष्ट. मुद्दण्णा आणि सुग्गलादेवीचं पोर, सिद्धराम, फार बोलायचं नाही, गुरं राखायचं. एक दिवस शेतात एक जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त साधू, आला आणि म्हणाला, भूक लागली. पोरानं हुरडा भाजून दिला. आमच्याकडं बरेच जण ज्वारीचा हुरडा म्हणून सांगतात, कारण आपल्याला हुरडा म्हटलं की ज्वारीच दिसते. कन्नड चरित्रात तो राळ्याचा आहे. जंगमानं खाल्लं आणि म्हणाला, पोटात आग पडली बाबा, दहीभात मिळेल का? पोर घराकडं पळत सुटलं. आईकडून दहीभात घेऊन धापा टाकत परत आलं, तर झाडाखाली कुणी नाही.

इथं अव्वा नेहमी थांबायच्या. हातातला बंद मांडीवर ठेवायच्या.

त्या जंगमानं आपलं नाव मल्लय्या सांगितलं होतं. पोर हाका मारत रानभर हिंडलं. रस्त्यानं श्रीशैलला निघालेले यात्रेकरू भेटले. ते म्हणाले, मल्लय्या होय, तो आमच्या गावाला, चल. तिथं त्याला देवळातलं लिंग दाखवलं. पोर म्हणालं, हा नव्हे, मला माझा मल्लय्या पाहिजे. सगळ्या डोंगरात शोधलं, सापडला नाही, तेव्हा ते कड्यावरून उडी टाकायला निघालं. तेव्हा मल्लिकार्जुनानं त्याला धरलं.

लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा मी अव्वांना विचारलं होतं, देवाला जर भेटायचंच होतं, तर तो झाडाखालीच का नाही बसला? लहान लेकराला एवढं का रडवायचं? अव्वांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "बसला असता तर पोरानं त्याला जेवू घातलं असतं आणि गुरं हाकत घरी गेलं असतं. मग तळं कुणी खणलं असतं, यव्वा?"

मला सिद्धरामांच्या चरित्रात सगळ्यांत जिवाला लागणारी गोष्ट हीच वाटते. इतकं रडून, इतकं चालून देव भेटला, आणि देवानं सांगितलं काय? इथं राहू नकोस, आपल्या गावी जा, तेच गाव श्रीशैल कर. मग ते परत आले. गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली, माणसं जमवली आणि तळं खणलं. आजही किल्ल्याला लागून ते तळं आहे, त्यात देऊळ आहे, देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंपं भरताना माझ्या मनात हटकून येतं, की आठशे वर्षांपूर्वी या कोरड्या मुलखात देव भेटलेल्या माणसानं पहिल्यांदा हातात काय घेतलं? कुदळ.

त्या काळचे थोर शिवशरण अल्लमप्रभू, त्यांची गोष्ट अव्वा थोडक्यात उरकायच्या, पण मला ती सांगावीशी वाटते. तळ्याचं काम चाललेलं असताना अल्लमप्रभू तिथं आले आणि त्यांनी विचारलं, तो वडार राम कुठं आहे? म्हणजे दगड फोडणारा, माती उपसणारा. शिष्य खवळले, दगड घेऊन धावले. सिद्धराम स्वतः संतापले. अल्लमप्रभू म्हणत होते ते एवढंच, की बाहेर इतकं खणलंस, आत खणलंस का? काही जण ही गोष्ट सिद्धराम हरले अशा थाटात सांगतात. मला ते पटत नाही. ज्याच्या शब्दावर सगळं गाव चालत होतं, तो माणूस राग आल्यावरही थांबला, ऐकलं, उठून कल्याणला बसवण्णांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या, मेळ्यात गेला आणि वयानं लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून अंगावर धारण करायचं इष्टलिंग घेतलं. पुढं वचनं लिहिली, त्यांत स्वतःचं नाव नाही, मुद्रा, म्हणजे वचनातली सही, कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची. झाडाखालून निघून गेलेल्या त्याच मल्लय्याची. आणि तळं त्यांनी बुजवलं नाही. आतलं कळल्यावर बाहेरचं काम फुकट गेलं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

यात्रा मी काय वर्णू, सोलापुरात ती प्रत्येकाच्या अंगात असते. पहिल्या दिवशी सातही नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना फिरतात, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. मग भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता. एका कुंभारकन्येनं सिद्धरामांशीच लग्न करायचं मनात धरलं. ते विरक्त, म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. त्या लग्नाच्या अक्षता अजून पडतात. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" कानावर आलं की हजारो हात एकदम वर जातात. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला होम, शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी.

अव्वा गेल्या श्रावणात गेल्या. यंदा बंद सुलटे करायला मी एकटी. पहिल्या आठवड्यातच बोटाच्या टोकाला घट्टा पडला, तेव्हा त्यांचा अंगठा कायम तसा का असायचा ते समजलं. धाकटा यंदा पहिल्यांदा नंदीध्वजाच्या सरावाला जाऊ लागला. रात्री उशिरा यायचा, खांदे धरून बसायचा, पण बोलायचा फक्त काठीबद्दल. त्याची बाराबंदी मी सगळ्यांत शेवटी शिवली.

भोगीला दरवर्षीसारखा राळ्याचा भात केला. इतकी वर्षं करते आहे, पण जंगमाला दिलेला हुरडा राळ्याचा होता आणि भोगीच्या ताटात राळाच असतो, हे दोन्ही एकत्र माझ्या डोक्यात यंदा पहिल्यांदा आलं. त्याचं खरं कारण वेगळं असेल, हंगामाचं असेल. पण पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मी तशीच उभी राहिले. मग अव्वा ठेवायच्या तशी दहीभाताची वाटी उंबऱ्याजवळ ठेवली. अव्वा संध्याकाळपर्यंत ती उचलू द्यायच्या नाहीत.

कप्पडकळीनंतर धाकट्यानं बाराबंदी माझ्यापुढं टाकली. उजव्या बगलेतला बंद तुटला होता. शिवण उलटी केली तर आत अक्षतांचे तांदूळ अडकलेले, सात-आठ दाणे. दरवर्षी दुरुस्तीला येणाऱ्या बाराबंद्यांत ते निघायचे, आणि अव्वा ते वेचून दाभणाच्या डबीत टाकायच्या. डबी उघडली. तळाला जुने दाणे होते, पिवळट पडलेले. त्यावर हे टाकले, दाभण घेतलं आणि दोरा ओवायला बसले.