साधं चॅनेल लावून दाखवा

आमच्याकडे नवीन टीव्ही घ्यायचं ठरतंय. म्हणजे गेल्या दिवाळीपासून ठरतंयच, आणि मधल्या काळात घरातला प्रत्येकजण व्हिडिओ बघून बघून टीव्हीतला एक्सपर्ट झालाय. मुलाला फोरकेच्या, म्हणजे अगदी बारीक ठिपक्यांच्या पडद्याच्या, खाली काही चालणार नाही, बायकोला भिंत खाणारा टीव्ही नको, आणि आईची अट एकच, रिमोटला नीट बटणं हवीत.

पुण्यात तापकीर गल्लीपासून कर्वे रोडच्या शोरूमपर्यंत कुठेही जा, भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर डेमो व्हिडिओतला तोच तो पोपट. पोपट झाला की मध ओघळतो, मग बर्फाचे डोंगर. हा व्हिडिओ मुळात अशा टीव्हीवर झकास दिसावा म्हणूनच शूट केलेला असतो, वर ब्राइटनेस फुल आणि रंग भडक करून ठेवलेले, कारण दुकानातल्या दिव्यांच्या झगमगाटात त्याशिवाय नजर ठरणारच नाही. त्यामुळे सगळेच भारी वाटतात आणि आपण शेवटी किमतीच्या पाट्याच वाचत उभे राहतो. मी सेल्समनला म्हटलं, जरा एखादं साधं मराठी चॅनेल लावून दाखवता का, एचडी नको, साधंच. तो म्हणाला, "सर, ते बघायला एवढा टीव्ही कोण घेतं?" म्हटलं, आमच्या मातोश्री.

आणि गणित बघा ना. साध्या चॅनेलचं चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. फोरके टीव्हीचे ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. बरोब्बर वीसपट! एक ठिपका चॅनेलकडून येणार आणि उरलेले एकोणीस टीव्हीने आपल्या मनाने भरायचे, याला अपस्केलिंग म्हणतात. एका वाटीच्या आमटीत वीस पाहुणे जेवायला घालायचे तसला प्रकार. चांगला प्रोसेसर असेल तर तो हे बऱ्यापैकी निभावून नेतो, स्वस्तातल्या टीव्हीवर मात्र निवेदिकेच्या चेहऱ्यावर मेण ओतल्यासारखं दिसतं. हा फरक पोपटावर कधीच कळत नाही.

ते उभे ५७६ म्हणजे चित्राच्या ५७६ आडव्या रेघा, आणि त्याही काही साध्यासुध्या नव्हत्या म्हणा. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पुण्यात मुंबईचं प्रक्षेपण दिसायला लागलं तेव्हा याच रेघांवर अख्खी चाळ एका घरात जमायची. १९८२ च्या एशियाडला रंग आला पण रेघा तेवढ्याच राहिल्या. दूरदर्शनचं एचडी चॅनेल आलं थेट २०१० च्या कॉमनवेल्थला.

बरं, एचडी म्हणजे तरी एकच गोष्ट आहे का? ३२ इंचीवर 'एचडी रेडी' लिहिलेलं असतं, त्याचे बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी १९२० बाय १०८०, त्याच्या दुप्पट. डिशवर एचडी चॅनेल येतं ते सहसा १०८० रेघांचं, पण एका दमात सगळ्या नाही, आधी विषम रेघा मग सम, सेकंदाला पन्नास वेळा अर्ध अर्ध. म्हणजे एचडीचे पैसे भरले तरी फोरके मिळत नाहीच, ते येतं मुख्यतः नेटवरून. आणि आमच्या शेजारच्या काकांनी तर नवा कोरा टीव्ही जुन्या सेट टॉप बॉक्सला त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलाय, त्या वायरीतून एचडी जातच नाही, त्यात चित्र ताणून स्क्रीनभर केलेलं, त्यामुळे सगळे हिरो गोल गरगरीत. काका खूश आहेत, मी कशाला बोलू.

आता अंतर. साधारण नजरेला ५५ इंचीवर सात फुटांच्या पलीकडून फुल एचडी आणि फोरके यातला फरक कळत नाही, ४३ इंचीला तर साडेपाच फुटांतच विषय संपतो. आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर. म्हणजे मुलगा ज्याच्यासाठी भांडतोय ते त्याला दिसणारच नाही, पण मोठ्या साइजमध्ये आता फोरके सोडून दुसरं फारसं मिळतही नाही, तेव्हा भांडणच फुकट.

माझ्या मते ठिपके मोजण्यापेक्षा उजेड बघावा. खोक्यावर एचडीआर, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारं तंत्र, असं लिहिलेलं असतं, पण स्वस्त पॅनेल अडीचशे-तीनशे निटच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) वर जात नाही, तो एचडीआरचा सिग्नल घेतो फक्त, दाखवायला उजेड कुठून आणणार? आणि एलईडी, क्यूएलईडी नावं काही असोत, मागून दिवे लावलेला एलसीडीच तो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो-विझतो म्हणून काळा खराच काळा, पण किंमत बघून आपण पेटतो. आणखी एक, घरी आणल्यावर ते मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीने मधल्या फ्रेम आपल्या मनाने घालणं, आधी बंद करा, सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा उगाच गुळगुळीत होऊन मालिकेसारखा दिसायला लागतो.

एवढं सगळं पाठ करून ४३ इंची पक्का केला, आणि मग बायकोने टेप आणली. टीव्ही युनिटचा कप्पा ३६ इंच रुंद. जुन्या डबा टीव्हीच्या मापाने बनवलेलं सागवानी युनिट, ते तोडायचं नाही. ४३ इंची आडवा साडेसदतीस भरतो. दीड इंचासाठी सुताराला फोन लावला, तो म्हणतोय आता गणपतीनंतरच.